साडेसातशे रुपयांचं चावीचं घड्याळ: आठ महिने वापरल्यानंतर

आधी तक्रारी सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना इथूनच परत फिरता येईल.

घड्याळ रोज दीड-दोन मिनिटं पुढे पळतं. गजराचा काटा बरोबर पाचावर लावला तरी घंटा कधी पाचला आठ कमी असतानाच वाजते, कधी पाच वाजून सहा मिनिटांनी. काटे अंधारात चमकतात असं दुकानदारानं सांगितलं होतं. चमकतात, पण रात्री एकच्या पुढे नाही. खालच्या दोन पायांपैकी एक आखूड निघाला, त्याला मी औषधाच्या बाटलीच्या बुचातली रबराची चकती चिकटवली आहे. आणि टिकटिक! पहिल्याच रात्री नवरा म्हणाला, "हे इथून हलव, नाहीतर मी गच्चीवर झोपायला जातो." ऑक्टोबर संपत आला होता, गच्चीवर झोपायचे दिवस नव्हते. यावरून काय ते समजा.

एवढं सगळं असून पाचपैकी चार स्टार देऊन राहिले. का, ते सांगायला जरा वेळ लागेल.

वस्तू अशी: लाल पत्र्याचं, सेलबिल काही न लागणारं, चावीचं गजराचं घड्याळ. डोक्यावर उपड्या वाट्यांसारख्या दोन घंटा, मधे हातोडी, वर उचलायला कडी. नागपुरात, बर्डीवर मेन रोडच्या आतल्या एका गल्लीत, जिन्याखाली असलेल्या दुकानात मिळालं. मी गेले होते मुलाच्या घड्याळाचा पट्टा बदलायला. हे काचेच्या कपाटात सगळ्यात खाली, धूळ खात बसलेलं. नऊशे सांगितले, साडेसातशेला दिलं. गॅरंटी विचारली तर म्हणाले, "ताई, इथं समोर वाजवून दाखवतो, हीच गॅरंटी." घरी आणलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, हे काय अजब बंगल्यातून उचललं का?" (अजब बंगला म्हणजे आमच्याकडचं म्युझियम.) सासूबाईंनी हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी कोंबडा होता. त्याला चावी नव्हती द्यावी लागत."

आता हे घ्यायची वेळ का आली ते. वय ४६, नोकरी एका कॉलेजच्या हिशेब विभागात, म्हणजे दिवसभर खुर्ची. मागे एकदा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ आला. हा मधुमेह नव्हे, पण त्याच्या फाटकाशी उभं राहिल्यासारखं आहे. डॉक्टर म्हणाले, आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाला. संध्याकाळी जमणार नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. संध्याकाळ माझी कधी नसतेच. राहिली पहाट.

पहिला उपाय जिम. आमच्याच भागातली, नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. वर्षाचे १४,००० एकदम भरले. पैसे अडकले की पाय आपोआप जातील, असा माझा हिशेब. हिशेबनीसाचा हिशेब! वर्षभरात गेले २३ वेळा. भागाकार केला तर एका वेळेचे ६०९ रुपये. त्यात मालिश, नाश्ता आणि रिक्षा तरी हवी होती.

नंतर कळलं की यात मी एकटी नाही. स्टेफानो डेलाव्हिग्ना आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या सभासदांची हजेरी तपासली आणि २००६ साली छापली. महिन्याला सत्तर डॉलरच्या वर भरणारे लोक सरासरी महिन्यातून चारच्या थोडे वर वेळा येत होते, म्हणजे दर खेपेला सतरा डॉलरच्या वर पडत होते. त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास होता, त्यात एक खेप दहा डॉलरला. या लोकांनी मात्र पास घेतला नाही, कारण बहुधा प्रत्येकाला वाटत होतं की पुढच्या महिन्यातला मी फार शिस्तीचा माणूस आहे. वाचून जीव भांड्यात पडला. पैसे परत आले नाहीत, पण निदान संगत चांगली मिळाली.

दुसरा उपाय फोनमधलं ॲप. सलग किती दिवस चाललात ते दाखवायचं, खाली आगीचं चित्र. अकरा दिवस आग पेटली. बाराव्या दिवशी मारबत होती, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक. आदल्या रात्री पोळ्याचं पुरणावरणाचं आवरता आवरता बारा वाजले होते, त्यामुळे पहाटे उठलेच नाही. दुपारी ॲप उघडलं तर आग विझलेली आणि आकडा शून्य. अकरा दिवस कुठे गेले? मी काय ते परत केले होते? त्या दिवशी सगळं नागपूर इडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणत असतं. मी म्हटलं, हे ॲपही घेऊन जा. काढून टाकलं. फोनच्या गजराचं तर बोलायलाच नको. पाच, पाच पाच, पाच दहा असे सहा लावलेले असायचे आणि सहाही मी झोपेत बंद करायची. अंगठा इतका सरावला होता की डोळे उघडायची गरज नव्हती. म्हणजे सवय लागली होती, फक्त भलतीच.

तर घड्याळ. याला पाठीमागे पाच गोष्टी आहेत: दोन मोठ्या चाव्या, दोन छोटी बटणं आणि एक बारीक दांडी. एक चावी घड्याळ चालायची, दुसरी घंटेची. कोणती कोणत्या बाजूला फिरवायची त्याचे बाण पत्र्यावर कोरलेले आहेत. एका बटणानं वेळ लावायची, दुसऱ्यानं गजराचा छोटा काटा, आणि हा बाणाच्या दिशेनंच फिरवायचा. दांडीच्या एका टोकाला इंग्रजी एफ, दुसऱ्याला एस. घड्याळ मागे पडत असेल तर दांडी केसभर एफकडे सरकवायची. केसभर म्हणजे खरंच केसभर. माझं सुरुवातीला दिवसाला सहा मिनिटं मागे पडायचं. मी दांडी जरा जोरात ढकलली तर दुसऱ्या दिवशी अकरा मिनिटं पुढे. चार दिवस हाच खेळ चालला. शेवटी टाचणीच्या टोकानं सरकवली आणि दीड-दोन मिनिटांवर समेट केला.

चालायच्या चावीला बारा अर्धे फेरे लागतात, घंटेच्या चावीला सात. पहिले चार सैल जातात. आठव्यानंतर अंगठ्याच्या पेराला आतली स्प्रिंग जाणवायला लागते, करकर आवाज जाड होतो आणि बाराव्याला चावी हातातच थांबते. एकदा भरलं की तीस-बत्तीस तास चालतं. आता यातली गंमत. स्प्रिंग पूर्ण भरलेली असताना तिचा जोर जास्त, उतरत आली की कमी. त्यामुळे मन मानेल तेव्हा चावी दिली की घड्याळ कधी पुढे, कधी मागे. काही भरवसा नाही. रोज त्याच वेळी दिली तर चूक असतेच, पण रोज तेवढीच असते. हिशेबात काम केलेल्या कोणालाही विचारा, रोजची सारखी चूक ही जवळजवळ बरोबरच असते. वजा केली की झालं.

म्हणून चावीची वेळ ठरवली: रात्री पावणेदहा. ठरवताना डोक्यात फक्त घड्याळ होतं, चालण्याचा काही संबंध नव्हता. आधीचे सगळे उपाय सकाळी सुरू व्हायचे. जिम सकाळी, ॲप सकाळी, निश्चयही सकाळीच, आणि सकाळी पाच वाजता माझ्यात निश्चय करण्याइतकी अक्कल नसते. हे घड्याळ मात्र रात्रीच काम मागतं. पावणेदहाला चावी दिली नाही तर सकाळी गजर नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते बंद पडून बसणार. एकोणीस अर्धे फेरे, पाऊण मिनिटाचं काम. पण ते केलं की मागून बाकीचं येतंच. चावी दिली, मोजे बुटात टाकले, पाण्याची बाटली भरली, फोन घड्याळाजवळच चार्जिंगला लावला आणि आत गेले. दहाला पाठ टेकली की पाचला उठणं काही पराक्रम नाही, सात तास झालेले असतात. मालिकेचा शेवटचा भाग चुकतो. चुकू दे, दुसऱ्या दिवशी सासूबाई सांगतात, आणि त्या सांगतात ते जास्त रंगतदार असतं.

ठेवायची जागा सापडायला मात्र पंधरा दिवस गेले. झोपायच्या खोलीतून नवऱ्यानं पहिल्याच रात्री हाकललं. मग स्वयंपाकघरात, ओट्यावर. कल्पना चांगली वाटली होती: घंटा बंद करायला उठून चालत जावं लागेल, मग परत कोण झोपतं? झोपले नाहीच. पण ओट्यासमोर उभी राहिले की हात आपोआप गॅसकडे. चहा ठेवला, चहा उकळेपर्यंत कणीक काढली, कणीक भिजली म्हणून पोळ्या लाटल्या, मग भाजीही टाकून दिली. तो अख्खा आठवडा आमच्याकडे पहाटे पावणेसहाला दोन्ही डबे तयार होते आणि मी एकही दिवस घराबाहेर पडले नव्हते. घरचे खूश होते. नवरा तर म्हणाला, "घड्याळ चांगलं आहे हं."

मग ते दाराजवळच्या बुटांच्या रॅकवर नेलं, आणि आजतागायत तिथेच आहे. घंटा वाजते, मी उठून हॉल ओलांडून जाते, बटण दाबते, आणि तेव्हा मी उभी असते बुटांसमोर. ओटा दिसत नाही, गॅस दिसत नाही. समोर बूट, बुटात मोजे, बाजूला बाटली. एवढं झाल्यावर परत आत जाऊन झोपायला जास्त कष्ट पडतात. घंटा साधारण पाऊण मिनिट वाजते, शेवटी शेवटी दमत दमत, आणि नंतर तिच्याकडे दुसरं काही नसतं. पाच मिनिटांनी पुन्हा उठवते असला लाड नाही.

एक धोका सांगून ठेवते. डायल बारा तासांची आहे. घंटेची चावी पूर्ण उतरायच्या आत बटण दाबून बंद केली आणि मग ते बटण कोणी वर ओढलं, तर संध्याकाळी पाचलाही वाजते. आमच्याकडे एका रविवारी पाहुण्यांच्या पोरानं ओढलं. मामेसासरे दुपारचं जेवून दिवाणावर कलंडले होते. ते एकदम उठून उभेच राहिले आणि विचारायला लागले, "गाडी लागली का?"

आता त्या एकवीस दिवसांबद्दल. दर एक जानेवारीला व्हॉट्सॲपवर येतं ना, एकवीस दिवस करा की सवय लागते. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं की रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. पुढे लोकांच्या तोंडून 'किमान' गळालं आणि चेहराही गळाला, उरले एकवीस दिवस. खरोखर मोजून पाहिलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी रोज एक नवी गोष्ट करायची, कोणी पाणी प्यायचं, कोणी फळ खायचं, कोणी व्यायाम करायचा. २०१० साली छापलेल्या त्या अभ्यासात सरासरी आली ६६ दिवस, पण पसारा अठरापासून थेट २५४ पर्यंतचा. व्यायामवाल्यांना पाणी पिणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला, ते साहजिकच आहे. आणि मला आवडलेली गोष्ट ही की मधे एखादा दिवस बुडाला तर फारसं काही बिघडत नाही. ॲपवाल्यांना कोणीतरी हे कळवा.

मी सत्तावीस ऑक्टोबरला सुरू केलं होतं. कालनिर्णयवर बोट ठेवून मोजलं तर माझा सहासष्टावा दिवस नेमका ३१ डिसेंबर. म्हटलं, वा! नव्या वर्षात पक्की सवय घेऊनच जाणार. एक जानेवारीला मी साडेसातला उठले. घड्याळ पाऊण मिनिट वाजून गप्प झालं होतं आणि घरातल्या कोणालाच ते ऐकू आलं नव्हतं. सवय लागल्याचं मला कळलं ते पुढे संक्रांतीच्या आसपास, आणि तेही असं की त्या दिवशी चालून परत आले तेव्हा लक्षात आलं, आज जाऊ की नको हा विचार मनात आलाच नव्हता. तारीख सांगता येणार नाही. मोजायचं सुटलं होतं.

इथे आपल्या गावाबद्दल थोडं. मुंबईची नणंद म्हणते, "पाचला कशी गं जातेस, अंधार असतो की!" तिला सांगून थकले की घड्याळ सगळ्या देशाचं एक असलं तरी सूर्य नाही. नागपूर पूर्वेला, म्हणून आपल्याकडे तो तिच्यापेक्षा वीस ते तीस मिनिटं आधी येतो. मेअखेरीस साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि साडेसातला रस्ता तापायला लागतो. २०१३ च्या तेवीस मेला इथे ४७.९ अंश होतं. असल्या गावात उन्हाळ्यात आठला चालायला निघणाऱ्याला लोक वेडा म्हणतील. उलट जानेवारीत सूर्य सातला पाच-सहा मिनिटं कमी असताना उगवतो, आणि थंडी कशी असते ते २०१८ च्या डिसेंबरअखेर ज्यांनी ३.५ अंश पाहिलंय त्यांना विचारा. म्हणजे 'पहाटे पाच' ही एक वेळ नाहीच. मेमधले पाच आणि जानेवारीतले पाच यांच्यात सव्वा तासाचा अंधार आहे. मी काटा ऋतूप्रमाणे हलवते: दिवाळीपासून पावणेसहा, होळीनंतर पाच, मे महिन्यात साडेचार. पुस्तकी शिस्तवाले म्हणतात वेळ बदलू नका. त्यांनी नागपुरात दोन उन्हाळे काढावेत, मग बोलू.

रस्ता रवीनगर ते फुटाळा. अमरावती रोडनं पुढे आणि भरतनगरातून खाली. डिसेंबरात तलावावर वाफ धरलेली असते आणि पलीकडचा काठ दिसत नाही, फक्त माणसांचे खोकले ऐकू येतात. जोर असेल त्या दिवशी सेमिनरी हिल्सचा चढ, नसेल त्या दिवशी काठावरच दोन चकरा. चाळीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. दीडशे मिनिटांचा आकडा भागतो.

सगळं श्रेय घड्याळाला दिलं तर शेजारच्या दोन वहिनी माझ्याशी बोलायच्या नाहीत. अंधारात बाईनं एकटीनं निघायचं म्हणजे कुत्री आहेत आणि कुत्र्यांपेक्षा वाईट गोष्टीही आहेत, ते काही चावीनं सुटत नाही. आम्ही तिघी निघतो. एकीच्या हातात काठी. नियम एकच, फोन करायचा नाही. ठरल्या वेळेला ज्या खाली असतील त्या निघतील. पहिल्या महिन्यात मला एकदा सोडून गेल्या. मला दोघींच्या पाठी दिसत होत्या, पण थांबल्या नाहीत! तो राग पुढे बरेच दिवस कामाला आला.

फेब्रुवारीत घड्याळ बिघडलं. घंटेची चावी फिरत राहायची, भरायचीच नाही. विकणाऱ्यानं हात वर केले: "आमच्याकडे रिपेअरिंग नाही, ताई." मग आमच्याच भागातल्या एका घड्याळवाल्या काकाजींकडे नेलं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी पत्रा उघडला, आत पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, तेलाचा थेंब नाही याच्यात. नवे घड्याळं असेच कोरडे येऊन राहिले. अन् स्प्रिंगचा आकडा निघाला आहे. ठेवून जा, पंधरा दिवसांनी या." मी म्हटलं, पंधरा दिवस? ते म्हणाले, "आता चावीच्या घड्याळाची कोणाले घाई असते?"

चौदा दिवसांत मी सहा वेळा चालायला गेले. जागी रोज व्हायची. पावणेसहाला दहा कमी असताना डोळे आपोआप उघडायचे, शरीराला वेळ कळली होती. तरी उठवायचं नाही, कारण रात्री झोपच उशिरा लागलेली. पावणेदहा वाजायचे आणि मी हॉलमध्ये तशीच बसलेली असायची. करायला काही नाही, म्हणून फोन हातात, फोन हातात म्हणून साडेअकरा. मोजे कपाटात, बाटली रिकामी. एका रात्री तर मी उठून रॅकपर्यंत गेले आणि रिकाम्या जागेकडे पाहून परत आले. नवरा म्हणाला, "त्या काकाजींना पैसे जास्त दे, पण लवकर आण." टिकटिकीवर भांडणारा हाच माणूस. दीडशे रुपये घेतले काकाजींनी, आणि आता घंटा पहिल्यापेक्षा खणखणीत आहे.

उन्हाळ्यात वेगळीच अडचण आली. कूलर! एप्रिलच्या मध्यावर कूलर सुरू झाला आणि खोलीचं दार बंद. त्या घरघरीत दाराजवळच्या घड्याळाची काय कथा? तीन दिवस वाजून वाजून दमलं बिचारं. मुलानं उपाय सुचवला आणि तो खरंच कामाचा आहे: पोह्यांचा मोठा स्टीलचा डबा रिकामा करून रॅकवर उपडा घातला आणि घड्याळ त्यावर ठेवलं. पोकळ डबा घंटेबरोबर थरथरतो आणि आवाज दुप्पट होतो. इतका की पहिल्या पहाटे वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून खाली बघत होत्या. त्यांना वाटलं सिलिंडरचं काही झालं. आता डब्याखाली दुमडलेला नॅपकिन घालते, त्यानं टिकटिक दबते आणि घंटा तरी ऐकू येते. कूलर बंद झाले की डबा परत पोह्यांना.

पोह्यांवरून आठवलं. फुटाळ्यावरून परत येताना तर्रीपोह्यांची टपरी लागते. हिरवी मिरची, कच्चा कांदा, वर ती लाल चण्याची तर्री, आणि सव्वासहाला त्याचा वास. चालून दीडशे कॅलरी घालवायच्या आणि टपरीवर तीनशे परत आणायच्या, हा व्यवहार पहिला महिनाभर रोज चालला होता. बंद करून पाहिलं तर वहिनींचा उत्साह मावळला. आता फक्त शनिवारी, आणि त्या आठवड्यात चार दिवस झाले असतील तरच. एका शनिवारी माझे तीनच झाले होते. दोघी माझ्यासमोर उभ्या राहून खात होत्या आणि वर लिंबू पिळत होत्या. पुढच्या आठवड्यात मी सहा दिवस गेले.

आकडे देते, तो माझा धर्म आहे. सत्तावीस ऑक्टोबर ते वीस जून, २३७ दिवस. कालनिर्णयवर खुणा १७१. घड्याळ साडेसातशे, दुरुस्ती दीडशे, एकूण नऊशे. भागिले १७१, म्हणजे खेपेला सव्वापाच रुपये. साखरेचा आकडा मे महिन्यात ५.८ आला. चालण्यानं आला की रात्रीचा भात कमी केल्यानं, मला सांगता येणार नाही. दोन्ही एकाच महिन्यात सुरू केलं, ही हिशेबाची चूक झाली. वजन दोन किलोच उतरलं. तर्री, दुसरं काय!

एक स्टार कापला तो कोरड्या यंत्रासाठी आणि आखूड पायासाठी. हलकी झोप असलेल्यांनी आणि तान्हं मूल असलेल्या घरात घेऊ नका. ज्यांना मिनिट अन् मिनिट बरोबर लागतं त्यांनीही नको. बाकीच्यांनी घेताना दुकानातच दोन्ही चाव्या पूर्ण भरून पाहा, फिरत राहिली तर दुसरं मागा. सपाट काचेवर ठेवून डुलतं का बघा. कानाला लावून टिकटिक सारख्या अंतरानं येते का ऐका. लंगडी आली तर सोडून द्या. दांडी दोन्ही बाजूंना सरकते ना, तेही. आणि आणल्या आणल्या कुठल्याही घड्याळवाल्याकडे नेऊन तेल घालून घ्या.

भाव करा. मला नऊशे सांगून साडेसातशेला दिलं. धाकट्या वहिनींनी गेल्या महिन्यात त्याच दुकानातून सातशेला आणलं, तेही छान हिरवं. पण त्यांनी वाजवून पाहिलं नाही. एक घंटा बसकी आहे, वाजते तेव्हा कोणी पातेलं खरवडतंय असं वाटतं.